जुना कळफलक आणि घेणाऱ्याचा धर्म

रात्रीची जेवणे आटोपली, वडील मंडळी सुपारी कातरीत बसली, की हल्ली कित्येक घरांतील तरुण मुले एका कोपऱ्यात जाऊन मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळू लागतात. कोणी जुना कॅमेरा शोधतो, कोणी ग्रामोफोनच्या तबकड्या. आणि अलीकडे एक वर्ग असा निघाला आहे की, तो संगणकाचा जुना कळफलक, म्हणजे कीबोर्ड, शोधीत असतो. वडिलांना याचा अर्थ लागत नाही. नवा कळफलक जळगावच्या गोलाणी मार्केटात थोडक्या पैशांत मिळत असता, वीस-तीस वर्षे वापरून पिवळा पडलेला कळफलक त्याच्या दुप्पट-चौपट दामाने आणणे हे कोणते शहाणपण, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तरही नीट विचार करून दिले पाहिजे. प्रस्तुत लेखात प्रथम त्या वस्तूची योग्यता, नंतर तिची परीक्षा, आणि शेवटी जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो, म्हणजे घेणाऱ्याचा धर्म, असा क्रम मी धरणार आहे.

आजच्या स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली मिळून बहुधा रबराची एकच चादर असते आणि तीवर प्रत्येक कळेखाली एकेक फुगीर घुमट असतो. कळ दाबली की घुमट बसतो, त्याखालच्या पातळ पडद्यांवरील वाहक रेषा एकमेकींस टेकतात आणि अक्षर उमटते. रबर जुने झाले की कळ मऊ पडते, अडकते, आणि मग सबंध कळफलक फेकून देण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. यांत्रिक कळफलकाची रचना याहून निराळी. त्यात प्रत्येक कळेस स्वतंत्र खटका असतो व त्या खटक्यात त्याची स्वतःची स्प्रिंग असते. एक खटका बिघडला तर डाग सोडवून तेवढाच काढता येतो व दुसरा बसविता येतो. शिवाय कित्येक जातींच्या खटक्यांत कळ तळाशी टेकण्यापूर्वीच बोटास किंचित ठोका लागतो व ‘टक्’ असा आवाज होतो. त्यामुळे अक्षर उमटल्याची खूण बोटास व कानास एकदमच मिळते. ज्यास दिवसाकाठी पाच-सात तास लिहावे लागते, त्याच्या दृष्टीने हा फरक चैनीचा नाही. बोथट विळी व धारेची विळी यांतला फरक ज्या गृहिणीस ठाऊक आहे, तिला हे अधिक सांगावयास नको.

या वस्तूचे कुळ टंकलेखन यंत्राचे. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स याने १८६८ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले व १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. इंग्रजी अक्षरांची जी मांडणी आज मोबाईलच्या काचेवरही दिसते, ती त्याच घराण्याची. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली मुंबईत टंकलेखन यंत्रे बनविण्यास आरंभ केला व २००९ साली ते काम थांबविले. महाराष्ट्रातील शासकीय टंकलेखन परीक्षाही २०१७ साली यंत्रावरून संगणकावर गेली. ज्यांची बोटे त्या लोखंडी कळांवर तयार झाली, त्यांना रबराच्या कळांवर लिहिताना चिखलातून चालल्यासारखे वाटते, ते यामुळेच. मजेची गोष्ट ही की, ज्यांनी टंकलेखन यंत्र कधी हाताळलेले नाही अशा मुलांनाही हल्ली तोच ठोका हवासा वाटतो.

यांत्रिक कळफलकांत सर्वांत ख्यातनाम म्हणजे आयबीएम कंपनीचा ‘मॉडेल एम’. तो १९८५ च्या सुमारास निघाला. त्याच्या प्रत्येक कळेखाली उभी स्प्रिंग असते. दाब पुरेसा झाला की ती एकदम वाकते आणि त्या वाकण्यातूनच आवाज व ठोका दोन्ही उत्पन्न होतात. आत लोखंडी पत्रा असल्यामुळे त्याचे वजन दोन किलोहून अधिक भरते. परंतु आपल्या देशात तो क्वचित आढळतो, आणि यास कारण आहे. परदेशी भांडवलाच्या नियमांवरून सरकारशी न जमल्यामुळे आयबीएमने १९७८ साली हिंदुस्थानातील आपला कारभार आवरला; ती कंपनी पुन्हा आली ती १९९२ साली, टाटांच्या भागीदारीत. म्हणजे तो कळफलक जगभर कचेऱ्यांतून पसरत होता, त्या वर्षांत ती कंपनी येथे नव्हतीच.

आपल्याकडे ती जागा चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘गोल्ड’ या कळफलकाने भरून काढली. बँकेतील कारकून, तिकीटखिडकीवरील बाबू, औषधांच्या दुकानातील बिल करणारा, अशांच्या हातांखाली जो खडखडणारा, रुंद, साध्या रूपाचा कळफलक आपण पाहिला असेल, तो पुष्कळदा हाच. त्याच्या जुन्या नगांत जर्मनीतील चेरी कंपनीचे निळे खटके असत. अशा एका खटक्याचे आयुष्य ती कंपनी ५ कोटी ठोके इतके सांगते. हिशेब करून पाहा : एखादी कळ रोज ५,००० वेळा दाबली, तर ५ कोटी ठोके पुरे होण्यास १०,००० दिवस, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे लागतील. तेव्हा वीस वर्षे वापरलेला कळफलक ‘म्हातारा’ म्हणून टाकून देण्याजोगा असतोच असे नाही. मात्र पुढे पुढे निघालेल्या सर्वच नगांत तेच खटके असतील असे धरून चालू नये; कळेची टोपी काढून पाहिल्यावाचून खात्री मानू नये.

आता शोध व परीक्षा. ओएलएक्स किंवा फेसबुकचा बाजार अशा ठिकाणी विकणारा वस्तूचे खरे नाव लिहीत नाही, कारण ते त्यास ठाऊक नसते. ‘जुना कीबोर्ड’, ‘कॉम्प्युटरचे सामान’, ‘क्लासचे सामान विकणे आहे’ अशा मथळ्यांखाली चित्रे पाहावी लागतात. आमच्या दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतीत सेवानिवृत्ती किंवा बदली झाली की क्वार्टर रिकामे करावे लागते आणि माळ्यावरचे सामान एकदम बाहेर पडते. भुसावळ हे रेल्वेचे गाव. तेथेही घरे सारखी हलत असतात. अशा वेळी जाहिराती वाढतात. चित्र पाहून वयाचा अंदाज करता येतो. विंडोजचे चिन्ह असलेली कळ १९९४ नंतर प्रचारात आली; ती नसेल तर घडण बहुधा जुनी. रुपयाचे नवे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले. ते एखाद्या कळेवर छापलेले असेल तर तो नग त्यानंतरचाच, मग विकणारा काही का सांगेना. मॉडेल एमच्या पाठीवर तर घडणीची तारीखच चिकटविलेली असते.

जुन्या धर्मशास्त्रकारांनी या परीक्षेस मुदत नेमून दिली आहे, हे सांगितले तर काहींना नवल वाटेल. एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या प्रसंगी ज्या मिताक्षरेचे नाव आपण ऐकतो, ती याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची टीका होय. त्या स्मृतीच्या व्यवहाराध्यायात विकत घेतलेल्या मालाची परीक्षा किती दिवसांत करावी हे दिले आहे : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. आता कळफलक यांपैकी कशात घालावा? माझ्या मते त्याचा सांगाडा लोखंडात जातो; तो एका दिवसात कळतो. परंतु त्याचे खटके रत्नांत जातात. एखादी कळ पहिल्या दिवशी नीट चालते आणि चौथ्या दिवशी एकाच दाबात दोन अक्षरे काढू लागते. म्हणून शक्य असेल तेथे आठवडाभराची बोली करून घ्यावी.

प्रत्यक्ष पाहताना एवढे तपासावे. एका कळेची टोपी काढून द्यावयास सांगावे. खाली अधिकचिन्हासारखा दांडा दिसला तर चेरीच्या जातीचा खटका, वाकणारी स्प्रिंग दिसली तर मॉडेल एमच्या जातीचा, आणि नुसता रबराचा घुमट दिसला तर नमस्कार करून परत यावे. कळफलक किंचित हलवून पाहावा. मॉडेल एमच्या आतील प्लास्टिकच्या रिव्हेट जुनेपणी तुटतात व त्यांचे तुकडे खुळखुळतात. तारेचे टोक पाहावे. गोल सहा पिनांचे असेल तर आजच्या संगणकास जोडण्यासाठी जोडणीचे निराळे यंत्र लागते, आणि साधा स्वस्त जोड प्रत्येक वेळी चालतोच असे नाही. पिवळेपणास भिऊ नये, तो प्लास्टिकचा धर्म आहे. वीजकेंद्राच्या आसपासच्या घरांत राखेची बारीक धूळ कळांच्या फटींत बसते. टोप्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्या, पण खटक्यांवर पाणी पडू देऊ नये. ते कुंचल्यानेच झाडावे.

येथवर विद्या झाली, आता धर्म. त्याच याज्ञवल्क्यस्मृतीत, मालक नसलेल्याने केलेल्या विक्रीच्या प्रकरणी, घेणारा केव्हा दोषी ठरतो याच्या चार खुणा दिल्या आहेत. ज्याच्याजवळ ती वस्तू येण्याचा सरळ मार्ग नाही अशापासून घेतली, एकांतात घेतली, फार हलक्या किमतीत घेतली, किंवा अवेळी घेतली, तर घेणारा चोराप्रमाणेच मानावा. मोबाईलवरील बाजारास हे चारही नियम जसेच्या तसे लागू पडतात. ज्या कळफलकाच्या पाठीवर एखाद्या कचेरीच्या मालाचा क्रमांक रंगविलेला आहे, तो विकणाऱ्याकडे कसा आला हे विचारलेच पाहिजे. कचेऱ्या आपले निकामी सामान लिलावाने काढतात. तसे असेल तर सांगणाऱ्यास संकोच वाटत नाही. ‘रात्री स्टेशनाबाहेर या, रोख आणा’ असे कोणी म्हणत असेल तर वस्तू कितीही उत्तम असो, तिकडे फिरकू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा आजच्या कायद्यानेही गुन्हा आहे.

उलट बाजूची लबाडीही सांगून ठेवतो, कारण तीत बहुधा घरातील वडील माणूस सापडते. आपण वस्तू विकावयास काढली की कोणी फोन करून म्हणतो, ‘पैसे पाठवितो, ही चौकोनी खूण मोबाईलने टिपा आणि आपला गुप्त अंक घाला.’ ध्यानात ठेवावे की, गुप्त अंक पैसे देण्यासाठी घालावयाचा असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

परंतु लबाडी ओळखणे सोपे. अवघड आहे ते यापुढचेच. विकणारा सज्जन आहे, वस्तू त्याचीच आहे, मात्र तिचे मोल त्यास ठाऊक नाही आणि आपणास ठाऊक आहे. मग काय करावे?

आमच्या नात्यातील एका एकत्र कुटुंबात हा प्रसंग खरोखरीच आला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने जाहिरात पाहिली : बंद केलेल्या संगणकवर्गाचे जुने कळफलक, सात नग, सर्व मिळून ७०० रुपये. त्यांतले सहा टीव्हीएसचे होते आणि सातवा, कसा कोण जाणे, आयबीएमचा जड मॉडेल एम. परदेशात सुस्थितीतील अशा एका नगास शंभर डॉलरच्या आसपास किंमत सहज येते, हे मुलास माहीत होते. त्याने घरी विचारले. काका म्हणाले, ‘त्याने किंमत सांगितली, आपण ती दिली, यात फसवणूक कोठे आली? तू वर्षभर रात्री जागून जे शिकलास, ते त्यास फुकट का सांगावे?’ काकांचा मुद्दा हलका नाही. ज्ञान मिळविण्यास श्रम पडतात आणि श्रमास मोल आहे. यावर आजी एवढेच बोलल्या, ‘तो गृहस्थ उद्या आपल्या ओसरीवर चहा घेत बसला असता या खरेदीची गोष्ट निघाली, तर तू ती त्याच्यादेखत सांगशील का?’

मुलाने विकणाऱ्यास सर्व सांगितले. ‘तुम्ही म्हणाल त्या रास्त किमतीस मी तो घेईन, पण माझ्याजवळ सध्या तीन हजारच आहेत,’ असेही म्हणाला. त्या गृहस्थांनी त्याचे मनापासून आभार मानले, जड कळफलक ठेवून घेतला, आणि पंधरा दिवसांनी पुण्याच्या एका घेणाऱ्यास तो चांगल्या किमतीत दिला. उरलेले सहा त्यांनी मुलास त्याच ७०० रुपयांत दिले. एक नग कमी झाला म्हणून एक रुपयादेखील सोडला नाही. काका हसले, आणि त्यांना हसण्याचा अधिकार होता.

अशा हसण्याचा इतिहास जुना आहे. रोमचा पंडित सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात स्केव्होला नावाच्या कायदेपंडिताची हकीकत आहे. त्यास एक शेत घ्यावयाचे होते. मालकाने किंमत सांगितली, तेव्हा स्केव्होला म्हणाला की, माझ्या अंदाजाने याचे मोल अधिक आहे. आणि त्याने एक लक्ष नाणी वर दिली. सिसेरो पुढे सांगतो की, हे सज्जनाचे कृत्य होय हे सर्वांना मान्य असे, परंतु हे शहाण्याचे कृत्य नव्हे असे लोक म्हणत. चांगुलपणा व शहाणपण यांची अशी फारकत करावी हेच सिसेरोला अनिष्ट वाटते. आपल्या महाभारतात शांतिपर्वात तपाचा अभिमान झालेल्या जाजली ऋषीला धर्म शिकण्यासाठी जावे लागते ते वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे, ज्याचा तराजू सर्वांना सारखा होता. व्यासांनी हा उपदेश एखाद्या आश्रमात न ठेवता दुकानात ठेवला, याचा अर्थ आपण ओळखला पाहिजे.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. विकणारा जुन्या मालाचा धंदेवाईक व्यापारी असेल, तर त्याचे अज्ञान हा त्याच्या धंद्यातील धोका आहे. तेथे गप्प राहण्यात दोष नाही. मात्र त्याने विचारले असता खोटे सांगणे तेथेही वर्ज्य. विकणारा साधा गृहस्थ असेल, घर आवरताना वस्तू काढीत असेल, तर मोठी तफावत त्यास सांगितली पाहिजे. याचा अर्थ परदेशातील सबंध किंमत मोजावी असा नव्हे. शोधण्याचे, स्वच्छ करण्याचे, बिघाडाचा धोका पत्करण्याचे मोल वजा करून रास्त रक्कम सांगावी. ज्ञानाची मजुरी घ्यावी, दुसऱ्याच्या अज्ञानाचे पीक कापून नेऊ नये. आणि तसे केल्याने वस्तू हातची गेली, तर ती गेली. खरे बोलल्याने शेवटी फायदाच होतो असे मुलांना शिकविणारे पुष्कळ आहेत. मला ती शिकवण कच्ची वाटते. जो मुलगा फायद्यासाठी खरे बोलावयास शिकला, तो तोट्याच्या दिवशी खोटे बोलेल. वरील मुलाचा तोटा खराच होता, आणि तो पत्करावा लागला म्हणूनच त्याच्या वागण्यास मोल आहे.

जाता जाता वाचकांस एक व्यवहाराची सूचना. आपल्यापैकी बहुतेक घरे असल्या वस्तू घेणारी नसून टाकणारी आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा बंद संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढविण्यापूर्वी घरातील अथवा शेजारच्या जाणत्या मुलास तो एकदा दाखवावा. निकामी ठरला तर विजेच्या सामानाचा कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी तो द्यावा, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. आणि त्या मुलाने ‘आजोबा, हा फुकट देऊ नका, याला किंमत आहे,’ असे सांगितले, तर त्यास त्याच्या श्रमाचे चार पैसे आवर्जून द्यावे. सातशेचे सातशे वसूल करून मोकळे होऊ नये. विकणाऱ्यासही धर्म आहे.